लॅपटॉपात अडकलेला खंड्या

मंगळवार, ४

लॅपटॉप मेला.

सकाळी दुकान उघडलं, नेहमीसारखं बटण दाबलं, काही नाही. परत दाबलं, काही नाही. बॅटरी जुनी, रात्रभरात रिकामी होते, म्हणून चार्जर लावला, तर बाजूचा तो मुगाएवढा नारिंगी दिवा, तोही लागेना. आधी गोड बोलून पाहिलं, मग ओरडले, मग एक चापट दिली. ढिम्म!

म्हातारपणी ही वही वाचताना मला काही आठवणार नाही, म्हणून नीट लिहून ठेवते. घराला लागूनच आमचं गणवेश शिवायचं दुकान, म्हणजे सासऱ्यांचं. तोंडावर मी त्यांना बाबा म्हणते, वहीत मामंजी. दुकानाच्या मागच्या खोलीत आधी कापडाचे गठ्ठे असायचे, तिथे गेल्या वर्षी मी एम्ब्रॉयडरीचं मशीन आणलं. मशीन मोठं देखणं आहे, पण लॅपटॉपशिवाय आंधळं. सुई कुठे टोचायची, रंग कधी बदलायचा, हे लॅपटॉपने किंवा त्यातून पेनड्राइव्हवर उतरवलेल्या डिझाइनने सांगितलं तरच ते हलतं. आणि डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर चालतं फक्त याच लॅपटॉपवर. ते विकणाऱ्या कंपनीला आता टाळं लागलंय, त्यामुळे दुसरा लॅपटॉप आणून भागवू म्हटलं तर तेही नाही.

आणि त्याच्यात माझा खंड्या आहे! नदीकाठी नवीन हॉटेल होतंय. तिथल्या सगळ्या नोकरांच्या खिशावर खंड्या पक्षी भरायचाय. महिनाभर डोळे फोडून मी तो काढला. लांब चोच, निळी पाठ, केशरी पोट, आणि डोळा तर असा की वाटावं, आता मासा उचलतोय. पुढच्या बुधवारी नमुना दाखवायचाय. काम मिळालं तर मशीन राहणार. नाही मिळालं तर विकायचं, असं घरात ठरलंय. ‘वर्षभर बघू’ म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, ते वर्ष आता भरत आलंय. मशीन गेलं की मी परत पुढे बसून काज-बटणं करणार, आणि माझं डोकं फिरणार.

नवरोबा बसच्या ड्यूटीवर निघता निघता म्हणाले, “पेनड्राइव्हवर ठेवायचंस ना!” ठेवला होता हो! पण तो पहिला खंड्या, जो बदकासारखा दिसत होता.

कालपर्यंत सगळं ठीक होतं, हे जास्त झोंबतंय. काल सोमवार, दुकान बंद, म्हणजे मामंजींचा तेलपाण्याचा दिवस. त्यांची ती लांब नळीची कुपी घेऊन सकाळपासून फिरत होते. शिलाईची मशीनं, ओव्हरलॉक, पंखा, शटर, कड्या, बिजागऱ्या, इतकंच काय, शेजाऱ्यांचं फाटकसुद्धा! कुरकुरणारं किंवा अडखळणारं काही दिसलं की थेंब सोडलाच. फक्त माझ्या एम्ब्रॉयडरी मशीनला वर्षभरात एक थेंब नाही. ढुंकूनही बघत नाहीत. शेजारचं फाटक घरचं आणि मी परकी. असो.

ता. क. एक मात्र गंमत. त्या चार्जरची पिन मेली इतकी घट्ट जायची की रोज माझा अंगठा दुखायचा, आणि रोज मी तिच्या नावाने ओरडायचे. आज अलगद गेली. शेवटी जरा मऊ लागली, पण गेली. आणि आजच उपयोग नाही!

बुधवार, ५

आजचा दिवस माझा. अर्धा तरी.

काल रात्रीच ठरवलं की रडत बसायचं नाही. गणवेशाचं माप चुकलं तर आपण काय करतो? गळा बघतो, खांदा बघतो, बाही बघतो. एकेक उसवत जायचं. तसंच करायचं.

पहिला संशय भिंतीतल्या प्लगवर. तिथे इस्त्री लावली, तापली. प्लग निर्दोष. दुसरा संशय चार्जरवर. चौकातल्या वायरमनला बोलावलं. त्याने मीटरच्या दोन काड्या पिनला लावल्या आणि म्हणाला, “ताई, करंट चोख येतोय. चार्जरवर आळ घेऊ नका.” चार्जरही निर्दोष! मी टाळीच वाजवली. तो बघतच राहिला, कारण वस्तू चांगली आहे म्हणून टाळी वाजवणारं गिऱ्हाईक त्याला पहिल्यांदाच भेटलं असावं.

मामंजी तिथेच घुटमळत होते. दुकानात गिऱ्हाईक उभं, आणि हे मागच्या खोलीच्या दारात. वायरमन निघाला तर त्याला हळूच विचारतात, “काय हो, विजेच्या वस्तूला तेलाने काही होतं का?”

“तेलाने? पंख्याला घालताच की तुम्ही.”

“हं. पंख्याला घालतो,” म्हणाले.

माझं इथे काय जळतंय आणि म्हाताऱ्याला पडलीय पंख्याची. मी दोरा जरा जोरातच तोडला.

दुपारी नवरोबांच्या फोनवर व्हिडिओ बघितले. जगभरातली माणसं मेलेल्या लॅपटॉपांसमोर बसून बोलत असतात, मला माहीतच नव्हतं. त्यातल्या एकाने सांगितलं तसं केलं. चार्जर काढायचा, बॅटरी काढायची, बटण बराच वेळ दाबून धरायचं, म्हणजे आत कुठे तुंबलेली वीज असेल ती निघून जाते. मग बॅटरी न लावताच नुसता चार्जर लावून चालू करायचं. चालू झालं तर बॅटरी दोषी. केलं. नाही झालं. म्हणजे बॅटरीवरचाही आळ गेला. निदान एकटी बॅटरीच दोषी नाही, एवढं नक्की.

मामंजी आज तीन वेळा विचारून गेले, “लागलं का?” मजा बघतायत. दुसरं काय.

गुरुवार, ६

बाजारातल्या लॅपटॉपवाल्याकडे गेले. मामंजी म्हणाले, मीही येतो. कशाला, ते कळेना. लॅपटॉपची पिशवी मला उचलू दिली नाही. अंगावर घेतलेलं तान्हं पोर असावं तशी छातीशी धरून चालले. त्यांना वाटलं असेल, मी आपटेन.

लॅपटॉपवाला वयाने लहान आणि आवाजाने मोठा. लॅपटॉप हातात घेतला, बटण दाबलं, त्याच्याकडचा चार्जर लावून पाहिला आणि म्हणाला, “बोर्ड गेला.”

म्हटलं, “उघडून पाहिलंत?”

“उघडायची गरज नाही, मॅडम. लक्षणंच सांगतात.”

“लक्षणं तापाचीसुद्धा सारखीच असतात हो. म्हणून डॉक्टर जीभ बघायचं सोडतो का?”

तो हसला. मला हसायचं नव्हतं. म्हणाला, इतका जुना बोर्ड आता कुठे मिळत नाही, नवा घ्या, यातल्या फायली काढून देतो. मी त्याला सांगितलं, फाइल निघाली तरी त्या सॉफ्टवेअरशिवाय मशीनला खंड्या कळायचा नाही. त्याने खांदे उडवले. मी लॅपटॉप त्याच्या हातातून ओढून घेतला, हो, ओढूनच! मामंजी त्याला विचारत होते, “पण बोर्ड कशाने जातो? एकाएकी जातो?” तो म्हणाला, “आजोबा, जायचा असला की जातो.” तर मामंजींनी असा उसासा सोडला, की जणू बोर्ड त्यांचाच होता.

परत येताना अर्ध्या वाटेत म्हणाले, “तो पक्षी हाताने भरून देऊ का? मला जमेल. नजर अजून बरी आहे.”

टोमणा! सरळ टोमणा. तुझं यंत्र बसलं, बघ, शेवटी हातच कामाला येतात, असंच ना? मी म्हटलं, “राहू द्या बाबा. एक भरून द्याल, पुढचे शेकडो कोण भरणार?” घरी आल्यावर मी मागच्या खोलीत दार लावून घेतलं आणि मशीनवर डोकं ठेवून पोटभर रडले. लिहून ठेवते, कारण रडल्याची लाज वाटत नाही. ते मशीन मला हवंय. खूप हवंय. आयुष्यात दुसरी कुठलीच वस्तू मी इतकी मागितली नव्हती.

शुक्रवार, ७

हॉटेलच्या खरेदीवाल्या बाईंना फोन केला. दोन दिवस वाढवून मिळतील का? नाही. बुधवार म्हणजे बुधवार. इतरांचे नमुने येऊन पडलेत.

बदकासारखा खंड्या पेनड्राइव्हवरून मशीनमध्ये घालून भरून पाहिला. बदकच.

जेवताना मामंजींनी ताटातलं निम्मं ठेवलं. नवरोबा म्हणाले, “बाबांना बरं नाही का?” मी म्हटलं, “मागची खोली मोकळी होणार या आनंदाने भूक मेली असेल.” नवरोबांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मुकाट्याने पाणी आणायला उठले. जरा जास्तच बोलले. पण खोटं बोलले का?

शनिवार, ८

सापडलं!!

म्हणजे लागलं नाही अजून. पण कुठे अडलंय ते सापडलं, आणि मला सापडलं, मला! लॅपटॉपवाल्याने माझ्या पाया पडावं.

सकाळी डोकं शांत होतं. मोजून पाहिलं. प्लग ठीक. चार्जर ठीक. बॅटरी काढली तरी तेच. म्हणजे आता उरलं काय? एक तर आतला बोर्ड, नाहीतर वीज आत शिरते ते भोक. बोर्ड मला दिसत नाही. भोक दिसतं. मग भोकच बघू ना! टॉर्च मारला. आत काळोख. डोळा लावला, नाक मधे आलं.

मग पिन हातात घेऊन बसले आणि बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. ही पिन रोज आतबाहेर करून करून घासली गेलीय. जेवढी आत जायची तेवढी चकचकीत, आणि मागचं जरा मळकट. मी आपला शिंप्याचा खडू घेतला, पिन लॅपटॉपात पूर्ण घातली, दाबून धरली आणि जिथे बाहेर राहिली तिथे रेघ मारली. बाहेर काढून बघते तर काय, खडूची रेघ चकचकीत भागाच्या मधोमध! म्हणजे आधी जेवढी आत जायची तेवढी आता जातच नाहीये. आत काहीतरी बसलंय आणि ते पिनला वाट देत नाहीये. टेप लावून पाहिला. फरक अगदी थोडा, पण बाहीत एवढा फरक आला तर मामंजी आख्खी बाही उसवतात.

मी इतक्या जोरात ओरडले की मामंजी हातातली कात्री टाकून धावत आले. त्यांना रेघ दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, पिन डोळ्यांजवळ नेली, खूप वेळ बघितली. मग पिन माझ्या हातात ठेवली आणि पुढे जाऊन बसले. ‘शाब्बास’ म्हणायला काय जड जातं का माणसाला!

आता त्या एवढ्याशा भोकात शिरायचं कसं? सुई घालायची मला भीती वाटते, आत बारीकशी तार आहे मधोमध, मोडली तर संपलंच. आणि एकदम वन्सं आठवल्या. अहो, ज्या बाईचा जन्म लोकांच्या दाढांची भोकं कोरण्यात गेला ती नात्यात असताना मी कशाला काळजी करते? वन्सं दातांच्या डॉक्टर आहेत. फोन लावला.

“वन्सं, तुमचा तो छोटा आरसा आणि टोकदार आकडा घेऊन उद्या याल का?”

“कोणाची दाढ दुखतेय?”

“लॅपटॉपची.”

पलीकडे एवढ्या मोठ्याने हसल्या की फोन कानापासून लांब धरावा लागला. येतायत.

रविवार, ९

वन्सं आल्या त्या सगळा जामानिमा घेऊन. हातमोजे, कपाळावरचा दिवा, आरसा, आकडे, कापूस, स्पिरिट. जेवणाच्या टेबलावर पांढरं फडकं अंथरलं, त्यावर लॅपटॉप आडवा निजवला, बॅटरी आधीच काढलेली. नवरोबांना म्हणाल्या, “तू टॉर्च धर आणि तोंड बंद ठेव.” मग लॅपटॉपला म्हणाल्या, “आ करा. घाबरायचं नाही. दुखलं तर हात वर करा.” मी हसू दाबत उभी होते.

मामंजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. हातात वर्तमानपत्र, पण ते पान उलटत नव्हते.

वन्संनी आरसा लावला. “अगं वहिनी, ही दाढ नाही, ही गादी आहे! कापसाची गादी भरलीय आत.” आणि आकड्याने हळूहळू ओढायला लागल्या. आधी एक बारीक तंतू निघाला, निळा. मग केशरी. मग एक करडा लगदा, चिकट, घट्ट दाबून बसलेला. वर्षभराचा माझ्या मशीनचा सगळा भुस्सा! दोऱ्यांचे केस उडतात ते जाऊन बसले होते तिथे, आणि रोज पिन घालून घालून मीच ते आत ठासत होते. म्हणून ती मेली घट्ट जायची!

“पण हे चिकट कशाने झालं?” वन्सं म्हणाल्या. त्यांनी लगदा बोटांत चोळला. नाकाशी नेला. मग मान वर करून खोलीच्या कोपऱ्यात बघितलं. मीही बघितलं, पण तिथे मामंजींशिवाय कोणी नव्हतं, आणि ते वर्तमानपत्र घडी करून उठलेच होते. “दुकानात बघतो जरा,” म्हणाले आणि गेले. दुपारी जेवणाच्या वेळेला दुकान बंदच असतं, तिथे काय बघायचं असतं कोण जाणे.

“तेल आहे,” वन्सं म्हणाल्या.

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. “माझंच! मशीनच्या सुईच्या दांडीला मी तेल घालते ना, त्याच तेलकट हातांनी पिन लावली असणार. भुस्सा होताच, त्यात तेल गेलं आणि त्याचा नमद्यासारखा घट्ट गोळा झाला. शी! काय हा गलथानपणा, वन्सं! आठवडाभर सगळ्यांच्या डोक्याला ताप दिला आणि केलेलं माझं मीच.”

वन्संनी मोजे काढले. “असेल,” म्हणाल्या. “आधी हे स्पिरिटने पुसून वाळू दे.” त्या एरवी मला सोडत नाहीत, पण आज एक शब्द बोलल्या नाहीत. फार चांगल्या आहेत.

वाळल्यावर बॅटरी बसवली, पिन घातली. टक्! खडूची रेघ पूर्ण आत. आणि दिवा लागला. नारिंगी दिवा! मी वन्संना मिठीच मारली. नवरोबांनी टॉर्च हवेत उडवून झेलला.

बटण दाबलं. काही नाही. माझा चेहरा बघून वन्सं म्हणाल्या, “अगं, आठवडाभर उपाशी आहे पेशंट. शुद्धीवर यायला वेळ दे. उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही.” हात लावणार नाही. पण शेजारी बसायला काय हरकत आहे? नवरोबांनी शेवटी दंडाला धरून उठवलं.

सोमवार, १०

लागला.

चहा गाळायच्या आधी जाऊन बटण दाबलं. पंखा घुर्र झाला, पडदा उजळला, आणि मी डोळे मिटून उभी राहिले, कारण बघायचं धाडस होईना. डोळे उघडले तर खंड्या समोर. चोच, पाठ, पोट, डोळा, सगळा जागच्या जागी. “आलास का रे बाळा!” असं मी मोठ्याने म्हणाले आणि घरातली सगळी धावत आली.

आधी तीन पेनड्राइव्हवर उतरवला. नवरोबा म्हणाले, चौथा बँकेच्या लॉकरमध्ये ठेव. आज मी त्यांना काहीही बोलू देणार आहे.

मामंजी दारात उभे होते. चेहरा असा, की तापातून माणूस उठावा. म्हणाले, “लागलं?” म्हटलं, “लागलं, बाबा!” त्यांनी दाराच्या चौकटीला हात टेकला. मी म्हटलं, “माझ्याच तेलकट हातांचा प्रताप होता. आता कानाला खडा. हात धुतल्याशिवाय लॅपटॉपला शिवणार नाही.” ते काहीतरी बोलणार होते, ओठ हलले, मग नुसतीच मान हलवली.

आज सोमवार असून त्यांनी तेलाची कुपी काढली नाही. दिवसभर बसून होते. प्रकृती खरंच बरी नसावी. उद्या डॉक्टरांकडे न्यायला नवरोबांना सांगितलंय.

मंगळवार, ११

नमुना तयार! एकदाही दोरा तुटला नाही.

कापड फ्रेममध्ये ताणलं, मागून कडक कागद लावला, लॅपटॉपने हुकूम सोडला आणि मशीन सुरू झालं. मधलं ते बदक सोडलं तर आठवड्याने तो आवाज ऐकला. आधी पाठीचा निळा, मग पोटाचा केशरी, मग काळी चोच, आणि शेवटी डोळ्यातला पांढरा ठिपका, चारच टाक्यांचा. तो पडला आणि पक्षी जिवंत झाला. मी नमुना उलटा करून मागची बाजूही साफ केली, एकेक लोंबता दोरा कापला. मामंजींच्या दुकानात राहून तेवढं तर शिकलेय. पाठ बघून शिंपी ओळखावा असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत असतात.

त्यांना नेऊन दाखवला. त्यांनी आधी मागची बाजू पाहिली. मग पुढची. मग म्हणाले, “उद्या मी येऊ का बरोबर?”

डॉक्टरांकडे जायला मात्र नाही म्हणाले. काही झालं नाही म्हणे मला. मग जेवत का नाहीत?

बुधवार, १२

मिळालं! मिळालं! मिळालं! काम मिळालं!

आता क्रमाने. मामंजी कडक इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या आधी तयार. हॉटेलमध्ये अजून रंगाचा वास येत होता. खरेदीवाल्या बाईंच्या टेबलावर सगळ्यांचे नमुने मांडलेले. एका मोठ्या कारखान्याचा खंड्या तर असा चकाचक, की माझं अवसानच गळालं. बाईंनी माझा हातात घेतला, बोट फिरवलं, उलटा केला आणि म्हणाल्या, “मागची बाजू इतकी स्वच्छ कोणाचीच नाही.” मी मनात उड्या मारल्या. मग म्हणाल्या, “काम आवडलं. पण तुमच्याकडे मशीन एकच. ऐन वेळी बंद पडलं तर?”

आणि माझ्या तोंडाला कुलूप नाही ना! सगळं सांगून टाकलं. लॅपटॉप बंद पडला, माझ्याच गलथानपणाने तेल गेलं, आठवडा वाया गेला, पण आता चालू आहे. बोलता बोलता बाईंचा चेहरा बदलत गेला. नमुना टेबलावर ठेवला. “म्हणजे तुमच्या हातून असं परत होऊ शकतं,” त्या म्हणाल्या. मला जीभ चावावीशी वाटली. महिनाभर राबले आणि अर्ध्या मिनिटात स्वतःच्या तोंडाने घालवलं, असं झालं.

तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. मामंजी उभे राहिले.

“बाई, तेल हिने नाही घातलं. मी घातलं.”

“पिन घट्ट जाते म्हणून ही रोज अंगठा चोळायची. मला ते बघवेना. एक थेंब सोडला की सैल होईल असं वाटलं. चाळीस वर्षं मशीनला तेच करत आलो. दुसऱ्या दिवशी बंद पडलं आणि माझं धाबं दणाणलं. बोलायला तोंडच उघडेना. ही रविवारपासून स्वतःवर खापर फोडून घेतेय आणि मी म्हातारा ऐकून घेतोय.” ते थांबले नाहीत. “आता तुम्ही विचारलंत ते. वायरमनला सापडलं नाही. बाजारातल्या माणसाने बोर्ड गेला म्हणून हात झटकले. मला माहीत असून मी गप्प बसलो. हिने शोधून काढलं, खडूची रेघ मारून. बंद पडलं तर काय, म्हणता? बंद पडलं तर ही चालू करेल.”

बाईंनी ओठ मुडपून हसू दाबलं, पण जमलं नाही. “आणि आजोबा, तुम्ही तेल घालणार नाही ना परत?”

“विचारल्याशिवाय नाही,” मामंजी म्हणाले. बाईंनी कारखान्याचा नमुना बाजूला सरकवला. झालं काम!

बाहेर आल्यावर आम्ही चालत निघालो. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट या आठवड्यात मी वहीत त्यांच्याबद्दल काय काय लिहिलंय ते आठवून कानशिलं तापली. शेवटी विचारलंच, “बाबा, वर्षभर माझ्या मशीनला कधी तेल घातलं नाहीत. मला वाटायचं, तुम्हाला ते घरात नकोच आहे.”

ते रस्त्यातच थांबले. “अगं, मशीन बसवायला आलेला माणूस सांगून गेला होता, मशीनला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. मी रोज रात्री नुसतं फडकं टाकतो त्याच्यावर. धूळ बसू नये म्हणून.”

ते फडकं मी रोज सकाळी काढते. मला वाटायचं, नवरोबा टाकतात. मला भररस्त्यात रडू आलं आणि मामंजी इकडेतिकडे बघत म्हणाले, “अगं, लोक काय म्हणतील, काम मिळालंय ना?”

आता एक गोष्ट राहिली. ती मुद्दाम शेवटी ठेवली, लिहायला मजा यावी म्हणून.

हॉटेलातून आम्ही निघायच्या तयारीत होतो, तेव्हाची. मी नमुन्याची पिशवी आवरून उठलेसुद्धा होते. बाई मामंजींकडे वळून म्हणाल्या, “मग मालक, तारखा, दर, सगळं तुमच्याशीच ठरवायचं ना?”

मामंजी म्हणाले, “माझ्याशी कशाला? मी नुसता सोबत आलोय. मालकीण ही.” आणि दाराजवळच्या बाकावर जाऊन बसले, आमचं आटपेपर्यंत थांबायला.

मी पिशवी खाली ठेवली, खुर्ची पुढे ओढून बसले आणि बाईंना म्हणाले, “हं, बोला.”